ग्रीकमधून भाषण करायचं असेल तर कोणते शब्द लागतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ग्रीक बऱ्यापैकी येणाऱ्या एका मराठी व्यक्तीला अथेन्समधल्या परिषदेत पंधरा मिनिटं ग्रीकमधून बोलायचं आहे. वक्तृत्वशास्त्रावरचं वाचन इंग्रजीतून झाल्यामुळे ‘एथॉस, पॅथॉस, लोगॉस’ (वक्त्याचं चारित्र्य, श्रोत्यांच्या भावना आणि तर्क) हे प्राचीन ग्रीक तत्त्ववेत्ता अ‍ॅरिस्टॉटलचे शब्द ठाऊक आहेत. ते आज तिथे चालतील का, आणि भाषणासाठी नेमका कोणता शब्दसंग्रह तयार ठेवावा?

अ‍ॅरिस्टॉटलचे बहुतेक शब्द आजही जिवंत आहेत, पण त्यांतल्या निम्म्याअधिकांची कामं बदलली आहेत. त्यामुळे पुस्तकातला शब्द जसाच्या तसा उचलला तर श्रोत्यांना तो कळतो, फक्त वेगळाच कळतो. यादी पाठ करण्यापेक्षा सभेतल्या एकेका क्षणाला लागणारं अख्खं वाक्य, विभक्तीसकट आणि आघातासकट, तोंडात बसवा.

आधी उच्चार. इथे मी आघात आलेल्या अक्षरानंतर ‘ऽ’ लिहितो. ‘ख़’ हा उर्दूतल्या ‘ख़बर’सारखा घासून येतो, आपला महाप्राण ख नव्हे. ‘ग’सुद्धा ‘ग़ज़ल’सारखा सैल असतो. ‘थ’ आणि ‘द’ म्हणताना जिभेचं टोक दातांच्या मध्ये यावं. फक्त ‘न्द’ मधला द आपल्यासारखा घट्ट. प, त, क मात्र जसेच्या तसे आपले. इंग्रजी भाषकांना इथे श्वासाचा झोत आवरायला बराच सराव लागतो, मराठी माणसाला तो फुकट मिळतो. आपली खरी अडचण आघाताची. मराठीत आघात हलला तरी अर्थ हलत नाही. ग्रीकमध्ये ‘नोऽमोस’ म्हणजे कायदा आणि ‘नोमोऽस’ म्हणजे जिल्हा. ‘पोऽते’ म्हणजे केव्हा आणि ‘पोतेऽ’ म्हणजे कधीच नाही. म्हणून भाषणाच्या कागदावर प्रत्येक शब्दाचा आघात लाल पेनाने ठळक करा. ग्रीक लेखनात तो छापलेला असतोच (1982 पासून एकच चिन्ह वापरतात), पण घाईत वाचताना डोळा ते बारीक चिन्ह गाळतो.

स्वर बदलला तरी अर्थ हलतो, म्हणून ‘एथॉस’ विसरा. आज तो शब्द ‘इऽथोस’ आहे. ‘एऽथोस’ म्हटलंत तर रूढी, रिवाज असा दुसराच शब्द ऐकू जातो.

आता भाषणाचे प्रकार. सर्वांत सुरक्षित आणि व्यापक शब्द ‘ओमिलिऽआ’, म्हणजे भाषण. वक्ता ‘ओमिलितिऽस’, वक्त्री ‘ओमिलिऽत्रिआ’. विद्यापीठातलं व्याख्यान ‘दिआऽलेक्सि’. परिषदेत वाचलेला छोटा शोधनिबंध ‘आनाकिऽनोसि’, आणि चर्चेला तोंड फोडणारं मुख्य मांडणीचं भाषण ‘इसिऽयिसि’. कार्यक्रमपत्रिकेत तुमच्या नावापुढे यांपैकी काय छापलंय ते पाहा आणि बोलताना तोच शब्द वापरा. पाहुण्यांनी सुरुवातीला दोन मिनिटं शुभेच्छा द्यायच्या असतात, ते ‘ख़ेरेतिज़्मोऽस’. त्या सदरात उभं राहून वीस मिनिटं बोलणं तिथेही तितकंच खुपतं, जितकं आपल्या सत्कार समारंभात. संसदेत किंवा न्यायालयात केलेलं भाषण ‘आगोऽरेफ्सि’. जेवणाच्या टेबलावर पेला उंचावून बोलतात ते ‘प्रोऽपोसि’. अंत्यसंस्काराच्या वेळचं ‘एपिकिऽदिओस’. 25 मार्च आणि 28 ऑक्टोबर या दोन राष्ट्रीय दिवसांना होणारं गौरवपर भाषण ‘पानियिरिकोऽस’. या शेवटच्या शब्दामागे सर्व ग्रीकांचा मेळावा आहे. प्राचीन अथेन्समधल्या इसोक्रातेसचं त्याच नावाचं भाषण इ.स.पू. 380 च्या सुमाराचं. त्याच कुळातला ‘पानियिऽरि’ म्हणजे गावच्या संताची जत्रा.

‘रिऽतोरास’ हा शब्द मात्र जपून वापरा. तो देमोस्थेनेस, लिसिआस अशा प्राचीन वक्त्यांसाठी किंवा फार प्रभावी बोलणाऱ्यासाठी राखीव आहे. स्वतःची ओळख करून देताना तो वापरला तर बढाई वाटते. आणि ‘रितोरिकिऽ’ शास्त्राचं नाव असलं तरी वर्तमानपत्री भाषेत ‘नुसती शब्दांची आतषबाजी’ असाही त्याचा सूर लागतो.

एवढं पुरे, कारण खरी मेहनत ‘लोऽगोस’ या एका शब्दावर घ्यायची आहे. भाषण, वाणी, तर्क, कारण, वचन आणि सभेतला बोलण्याचा हक्क, हे सगळं तो पेलतो. सभासंचालनाची जवळजवळ सगळी वाक्यं त्याच्याभोवती फिरतात आणि ती द्वितीयेत येतात, म्हणजे शेवटचा ‘स’ गळतो: ‘तोन लोऽगो’.

सूत्रधार (त्याला ‘सिन्दोनिस्तिऽस’ म्हणतात) तुम्हाला बोलावताना म्हणेल, ‘तोन लोऽगो एऽख़ि इ किरिऽआ…’ आणि पुढे आडनाव. अर्थ: आता अमुक बाईंनी बोलावं. तुमच्याकडे पाहून म्हणेल, ‘एऽख़ेते तोन लोऽगो’, आपण बोला. प्रश्नोत्तरांत स्वतःहून बोलायचं असेल तर ‘ज़ितोऽ तोन लोऽगो’, मला बोलायची परवानगी हवी आहे. बोलणं सुरू करणं ‘पेऽर्नो तोन लोऽगो’. दुसऱ्याकडे सोपवणं ‘दिऽनो तोन लोऽगो’. इथेच खड्डा आहे. सवयीने शेवटी ‘मु’ (माझा) जोडलात आणि ‘दिऽनो तोन लोऽगो मु’ म्हणालात, तर त्याचा अर्थ ‘मी वचन देतो’ असा होतो. सूत्रसंचालन करणाऱ्या परदेशी माणसाची ही चूक नेहमीची आहे.

भाषण करणं यासाठी औपचारिक क्रियापद ‘एक्फोनोऽ’; बातमीत मंत्री भाषण ‘एक्फोनिऽ’ करतो. बोलीत ‘व्गाऽज़ो लोऽगो’, पण त्यात किंचित ‘भाषण ठोकणं’ आहे, तेव्हा स्वतःच्या शोधनिबंधाबद्दल तसं म्हणू नका. साधं ‘मिलाऽओ’ किंवा ‘मिलोऽ’ कधीच चुकत नाही. अनेकवचनांतही फरक आहे: ‘लोऽयि’ म्हणजे भाषणं किंवा कारणं, तर ‘लोऽया’ म्हणजे बोललेले शब्द. ‘दुसऱ्या शब्दांत सांगायचं तर’ हे ‘मे आऽला लोऽया’. तिथे ‘लोऽयि’ घातलं की वाक्य कोसळतं.

संबोधनावर मी सर्वांत जास्त वेळ घालवायला सांगेन. भाषणाचे पहिले पाच सेकंद श्रोते तुमचं ग्रीक तोलतात आणि नेमक्या त्याच वेळी तोंडात संबोधन विभक्ती असते. ती मराठीला परकी नाही. आपणही ‘मुलगे’ला ‘मुलांनो’ करतोच. पण मराठीत पदनाम सहसा तसंच राहतं, ‘अध्यक्ष महोदय’ मध्ये ‘अध्यक्ष’ला काही होत नाही. ग्रीकमध्ये होतं. अध्यक्ष ‘प्रोऽएद्रोस’, हाक मारताना ‘किऽरिए प्रोऽएद्रे’. अध्यक्ष स्त्री असेल तर ‘किरिऽआ प्रोऽएद्रे’. मंत्री ‘इपुर्गोऽस’, हाक ‘किऽरिए इपुर्येऽ’. इथे ए पुढे आल्यामुळे ‘ग’चा ‘य’ होतो, ते कानाला लावून घ्या. प्राध्यापक ‘काथियितिऽस’, औपचारिक हाक ‘किऽरिए काथियिताऽ’. हे ‘ताऽ’ रूप जुन्या भाषेतून आलेलं आहे, पण सभेत तेच शोभतं.

आडनावांत ‘-ओस’चं ‘-ए’ होतं: पापादोऽपुलोस, ‘किऽरिए पापादोऽपुले’. ‘-इस’ आणि ‘-आस’चा फक्त स जातो: पापादाऽकिस, ‘किऽरिए पापादाऽकि’. स्त्रियांची आडनावं बहुधा षष्ठीच्या रूपात असतात आणि हाक मारताना बदलत नाहीत: ‘किरिऽआ पापादोपुऽलु’. आघात पुढे सरकलाय हे पाहिलंत ना? नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आडनावावरून अंदाजाने बोललात की इथे घसरता. मंचावरच्या प्रत्येकाचं नाव आयोजकांकडून आधीच हाकेच्या रूपात लिहून घ्या.

सर्वसाधारण संबोधन ‘किरिऽएस के किऽरिई’, स्त्रियांनो आणि सज्जनहो. पहिल्या शब्दात आघात दुसऱ्या अक्षरावर, तिसऱ्यात पहिल्यावर. ही जोडी रोज दहा वेळा म्हणा, कारण घाबरल्यावर दोन्ही शब्द सारखेच होऊन बसतात. जरा जवळीक हवी तर ‘आगापितेऽस फिऽलेस, आगापितिऽ फिऽलि’, प्रिय मैत्रिणींनो, प्रिय मित्रांनो. मराठीतल्या ‘तू, तुम्ही, आपण’ या तीन पायऱ्यांऐवजी तिथे दोनच आहेत. एका व्यक्तीशीही सभेत अनेकवचनात बोला, ‘सास’ म्हणा, ‘सु’ नव्हे.

अभिवादन वेळेवर अवलंबून: सकाळी ‘कालिमेऽरा सास’, दुपारनंतर ‘कालिस्पेऽरा सास’. मधल्या वेळी शंका असेल तर ‘ख़ेऽरेते’ कधीही चालतं. ‘कालिनिऽख़्ता’ने सुरुवात करू नका, तो फक्त निरोप आहे.

मग पहिलं वाक्य: ‘इऽने मेगाऽलि मु ख़ाराऽ पु व्रिऽस्कोमे सिऽमेरा एदोऽ’, आज इथे आहे याचा मला फार आनंद आहे. विषय सांगायला ‘था मिलिऽसो या…’, मी अमुकबद्दल बोलणार आहे. रचना सांगायला ‘इ ओमिलिऽआ मु एऽख़ि त्रिऽआ मेऽरि’, भाषणाचे तीन भाग आहेत. पुढच्या भागाकडे जाताना ‘पेर्नोऽ तोऽरा स्तो देऽफ्तेरो मेऽरोस’. ध्वनिक्षेपकाची खात्री करायची असेल तर ‘आकुऽगोमे?’, माझा आवाज येतोय का? हे एकच क्रियापद पुरतं.

जोडशब्दांत एक जोडी अशी आहे की तिथे मूळ ग्रीक भाषकही चुकतात. ‘कातार्ख़ाऽस’ म्हणजे सर्वप्रथम. ‘कातार्ख़िऽन’ म्हणजे तत्त्वतः. ‘कातार्ख़िऽन सहमत आहे’ म्हणजे तत्त्वतः सहमत, पण तपशिलांत मतभेद आहेत. पहिला मुद्दा मांडताना हे वापरलं तर श्रोते पुढच्या ‘पण’ची वाट पाहतात. बाकीचे सोपे: ‘एपोमेऽनोस’ म्हणून, ‘ओस्तोऽसो’ तरीही, ‘दिलादिऽ’ म्हणजेच, ‘आफेनोऽस… आफेतेऽरु’ एकीकडे… दुसरीकडे. ही शेवटची जोडी अर्धी सोडू नका.

समारोपाला ‘क्लिऽनोन्दास’ (शेवटाकडे येताना) साधं आणि छान. ‘एन काताक्लिऽदि’ही ऐकाल, अर्थ तोच, पण तो काथारेवुसा या जुन्या औपचारिक भाषेचा तुकडा आहे. 1976 मध्ये शिक्षण आणि प्रशासनातून काथारेवुसा गेली आणि लोकभाषा अधिकृत झाली, तरी असे गोठलेले शब्दप्रयोग सभांमध्ये टिकून आहेत. माझं मत: संपूर्ण भाषणात असा एखादाच वापरा. परदेशी तोंडात ते एकामागून एक आले की पाठांतर वाटतं, आणि रूप थोडं जरी चुकलं तरी साध्या शब्दाच्या चुकीपेक्षा जास्त उठून दिसतं.

आता अ‍ॅरिस्टॉटलकडे वळू. त्याने भाषणाचे तीन प्रकार केले: नागरिकांच्या सभेला सल्ला देणारं, न्यायालयातलं आणि समारंभी. त्यांतला ‘दिकानिकोऽस’ (न्यायालयीन) आजही नीट चालतो. समारंभी प्रकाराचा ‘एपिदिक्तिकोऽस’ आज ‘दिखाऊ, मिरवणारा’ या अर्थाने ऐकला जातो. कोणाच्या भाषणाचं कौतुक म्हणून तो वापरलात तर अपमान होईल. पटवण्याच्या साधनांना तो ‘पिस्तिस’ म्हणतो. आज ‘पिऽस्ति’ म्हणजे श्रद्धा. पुराव्यासाठी ‘आपोऽदिक्सि’ म्हणा, जो दुकानातल्या पावतीचाही शब्द आहे, संदर्भाने कळतो. युक्तिवादाचा मुद्दा ‘एपिख़िऽरिमा’. शेवटचं अक्षर बदलून ‘एपिख़िऽरिसि’ झालं की तो उद्योगधंदा होतो.

भाषण सादर करण्याच्या कलेला प्राचीन शब्द होता इपोक्रिसिस, नटाच्या कलेचाच शब्द. आज ‘इपोक्रिसिऽआ’ म्हणजे ढोंग आणि ‘इपोक्रितिऽस’ म्हणजे ढोंगी. सादरीकरण म्हणायचं असेल तर ‘एक्फोराऽ तु लोऽगु’ म्हणा, आणि ‘तु लोऽगु’ गाळू नका, कारण नुसतं ‘एक्फोराऽ’ म्हणजे अंत्ययात्रा. तसंच ‘आपोलोयिऽआ’ म्हणजे न्यायालयातला बचाव, इंग्रजी शिकलेल्या कानाला वाटते तशी माफी नव्हे. उशीर झाला म्हणून माफी मागायची तर ‘ज़ितोऽ सिग्नोऽमि’.

शब्द बदलले तरी अ‍ॅरिस्टॉटलची मांडणी तुमच्या कामाची आहे. भाषणाला खरं तर दोनच भाग अत्यावश्यक, विषय मांडणं आणि तो सिद्ध करणं, असं तो सांगतो. प्रस्तावना आणि उपसंहार श्रोत्यांसाठी असतात. परक्या भाषेत पंधरा मिनिटं असताना हा सल्ला सोन्यासारखा आहे. आजच्या ग्रीक शाळेत निबंधाचे भाग ‘प्रोऽलोगोस, किऽरिओ मेऽरोस, एपिऽलोगोस’ असे शिकवतात, त्यामुळे हे तीन शब्द प्रत्येक श्रोत्याला कळतात. आवाजाबद्दलही अ‍ॅरिस्टॉटल तीनच गोष्टी पाहायला सांगतो: मोठेपणा, स्वराची उंची आणि लय. आजच्या भाषेत ‘एऽन्दासि, तोऽनोस, रिथ्मोऽस’. त्यांना विराम, ‘पाऽफ्सि’, आणि शब्दोच्चाराचा स्पष्टपणा, ‘आऽर्थ्रोसि’, जोडले की तालमीत कोणी दिलेली सूचना तुम्हाला समजेल.

लिहिताना 900 ते 1000 शब्दांवर दहा मिनिटं धरा, त्याहून जास्त नको. ग्रीक शब्द लांब असतात आणि अवघड जोडाक्षरांवर परकी जीभ मंदावते. अथेन्सच्या न्यायालयात वेळ पाण्याच्या घड्याळाने, क्लेप्सिद्राने मोजत. अथेन्सच्या आगोरात (प्राचीन बाजारचौकात) सापडलेलं एक भांडं सुमारे 6.4 लिटरचं आहे आणि ते साधारण 6 मिनिटांत रिकामं होतं. आज सूत्रधार म्हणतो, ‘ओलोक्लिरोऽस्ते, पाराकालोऽ’, कृपया आटोपतं घ्या. हे ऐकल्यावर लगेच ‘क्लिऽनोन्दास’वर उडी मारता येईल असं शेवटचं वाक्य वेगळ्या कागदावर ठेवा.

कागदाशिवाय बोलण्याला ‘आपोऽ स्तिऽथुस’ म्हणतात, शब्दशः छातीतून. पहिलं आणि शेवटचं वाक्य तसं बोला, मधलं ‘सिमिओऽसिस’ (टिपणं) पाहून चालेल. व्यासपीठावरची धडधड ‘त्राक’, फ्रेंचमधून आलेला शब्द: ‘एऽख़ो त्राक’ म्हटलं की ग्रीक श्रोते प्रेमाने सांभाळून घेतात. शब्द उलटसुलट झाला तर ते ‘सार्दाऽम’. माद्रास या आडनावाच्या एका नटाचं नाव उलटं लिहून तो शब्द झाला, असं सांगतात. चूक झाली की थांबा, शब्द पुन्हा नीट म्हणा, पुढे जा.

हातांबद्दल एक गोष्ट कोशात सापडत नाही. पाची बोटं पसरून तळवा श्रोत्यांकडे धरणं ग्रीसमध्ये घोर अपमान समजतात. त्याला ‘मुऽन्द्ज़ा’ म्हणतात. आपल्याकडे सभा शांत करायला किंवा आशीर्वादासारखं अभिवादन करायला हात नेमका तसाच वर जातो, आणि ‘पाच मुद्दे’ म्हणतानाही. तळवा स्वतःकडे वळवून बोटं मोजा, शांत करायला हात खाली जमिनीकडे झुकवा. आरशासमोर हा सराव शब्दांइतकाच करा, कारण हात सवयीने उठतो.

प्रश्नोत्तरांत दुसरा धोका होकार-नकाराचा. ‘ने’ म्हणजे हो आणि ‘ओऽख़ि’ म्हणजे नाही. मराठी कानाला ‘ने’ नकारासारखा लागतो. शिवाय ग्रीक माणूस नकार देताना भुवया उंचावून मान किंचित मागे नेतो, जे लांबून आपल्याला होकार वाटू शकतं. उत्तर देण्याआधी ‘एफ्ख़ारिस्तोऽ या तिन एरोऽतिसि’, प्रश्नाबद्दल आभार, असं म्हणून दोन सेकंद मिळवा. कोणी प्रश्नाऐवजी स्वतःचं मत मांडत असेल तर ती ‘तोपोथेऽतिसि’, तिला आभार पुरतात, उत्तर द्यायची सक्ती नाही. शेवटी ‘सास एफ्ख़ारिस्तोऽ या तिन प्रोसोख़िऽ सास’, लक्ष दिल्याबद्दल आभार. वेगात बोलताना त्यातलं ‘तिन प्रो’ जोडून ‘तिम्ब्रो’ असं ऐकू येतं, आणि तसंच म्हटलं तर ते जास्त ग्रीक वाटतं.